हेडफोन कुठला घेऊ? पॅलेस थिएटर ते गेमिंग हेडसेट, कोल्हापूरच्या कानाची गोष्ट

मागच्या एपिसोडनंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. "भावा, दोन-तीन हजारात हेडफोन कुठला घेऊ? बसमध्ये गाणी ऐकायची, घरी पिक्चर बघायचा आणि रात्री गेम खेळायचा." उत्तर देणार आहे. पण आधी दोन कागदांची गोष्ट सांगतो, मग इतिहासात जाऊ.

माझे पप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. सत्तावीस वर्षं. कास्टिंगवर ग्राइंडर मारायचा, दिवसभर. आता आमच्या घरात टीव्हीचा आवाज चाळीसवर असतो आणि आईनं हळू हाक मारली तर पप्पांना ऐकूच येत नाही. 'साखर' म्हटलं तर 'भाकर' ऐकतात. आम्ही हसायचो, खरं सांगतो.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली. दिवसभर हेडसेट लावून ऑफिसचे कॉल, रात्री तोच हेडसेट लावून गेम. तीन दिवस झाले तरी शिट्टी थांबेना, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी कशी होते माहितीये? एका बंद खोलीत बसवतात आणि कानाला हेडफोनच लावतात. टूं आवाज आला की बटण दाबायचं. रिपोर्टवरची रेघ चार हजार हर्ट्झला खाली गेली होती. घरी येऊन पप्पांचा जुना रिपोर्ट काढला. त्यांची रेघही तिथंच खाली गेलेली. त्यांचा खड्डा विहिरीएवढा, माझा लहान. पण जागा तीच.

पप्पांना तो आवाज पोटासाठी सोसावा लागला. मी पैसे देऊन विकत घेतला. आजचा एपिसोड त्या दोन कागदांवरून सुचला.

आता मागं जाऊ. सन 1915. खासबाग मैदानाच्या शेजारी शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट 2024 मध्ये ते जळालं, तेव्हा रात्री कितीतरी कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. तर त्या काळात माईक नव्हता. नटाचं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम गळ्याचं आणि इमारतीचं. व्हॉल्यूमचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतंच. जवळ बसा नाहीतर गप्प बसा.

त्याच कोल्हापूरच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. त्यांचं एकही रेकॉर्डिंग आज ऐकायला मिळत नाही. कितीही महागडा हेडफोन आणा, खाँसाहेब ऐकायचे असतील तर शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागतात. आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत बसून अवकाशात गेली. गुरूचा आवाज दरबारात विरला, शिष्येचा सूर्यमालेच्या बाहेर चाललाय.

इकडे हे चाललं असताना तिकडे अमेरिकेत, 1910 च्या सुमारास, नॅथॅनियल बाल्डविन नावाचा माणूस युटामधल्या आपल्या स्वयंपाकघरात हातानं हेडफोन बनवत होता. गिऱ्हाईक कोण? अमेरिकेचं नौदल. म्हणजे हेडफोन गाण्यासाठी जन्मला नाही. वायरलेसवरचे बारीक संदेश गोंगाटात ऐकू यावेत, हे त्याचं काम. कामगाराचं हत्यार होतं ते, पान्हा-स्क्रूड्रायव्हरसारखं.

कोल्हापुरातही गोष्ट हत्यारापासूनच सुरू होते. 1 जून 1929 ला इथं प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. 1932 मध्ये तिनं 'अयोध्येचा राजा' काढला, पहिला मराठी बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचंच. टेंबे म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांचा सहवास लाभलेला कोल्हापूरचा माणूस. ध्वनीची जबाबदारी विष्णुपंत दामल्यांकडे. हे दामले बाबूराव पेंटरांच्या तालमीतले, आणि पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच घरच्या घरी बनवला होता. आपण इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं घालवून जे शिकतो, ते ही मंडळी यंत्र उघडून शिकली.

तेव्हा प्लेबॅक नव्हता. नट कॅमेऱ्यासमोर गायचा, वाजवणारे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसायचे, सगळं एकदमच टिपायचं. आवाज डोळ्यांना दिसत नाही. काय रेकॉर्ड होतंय हे कळायला रेकॉर्डिस्टला कानाला हेडफोन लावूनच बसावं लागतं. म्हणजे ज्या गावात आवाज समोरासमोर ऐकायची सवय होती, तिथं एक माणूस सगळ्यांच्यात बसून वेगळंच काहीतरी ऐकायला लागला. आपण आज बसमध्ये तेच करतो.

घरात बसून मजेसाठी हेडफोन, ही कल्पना पुढची. 1958 मध्ये अमेरिकेत जॉन कॉसनं स्टिरिओ हेडफोन आणला. 1968 मध्ये जर्मनीच्या सेनहायझरचा एचडी 414 आला, पिवळ्या फोमचा. त्याची पाठ उघडी होती, आवाज आतबाहेर खेळायचा. याला आज ओपन-बॅक म्हणतात. शांत खोलीत गाणं मोकळं वाटतं, कान घामानं भिजत नाहीत. म्हणून घरासाठी, खोली शांत असेल तर, ओपन-बॅक. पण शेजारच्यालाही तुमचं गाणं ऐकू येणार, हे धरून चाला.

मग 1 जुलै 1979. सोनी वॉकमन. पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानंच ऐकत बसणं लोकांना उद्धटपणा वाटेल, अशी सोनीच्या अकिओ मोरितांना भीती होती. लोकांना तसं काही वाटलं नाही. दुसरं भोक पुढं गायब झालं.

पण रस्त्यावर ऐकायचं म्हणजे गोंगाटाशी कुस्ती. केएमटीच्या बसमध्ये इंजिन घुमतंय, तुम्ही आवाज वाढवता, बस थांबली तरी तो तसाच राहतो. यावर उपाय शोधला अमर बोसनं, बंगाली बापाचा अमेरिकेतला मुलगा, एमआयटीत प्रोफेसर. 1978 मध्ये विमानात हेडफोनमधून धड ऐकू येईना, तेव्हा त्याच्या डोक्यात नॉइज कॅन्सलिंग आलं. बाहेरची लाट माईकनं पकडायची आणि तिची उलटी लाट आत सोडायची. इंजिनाची घरघर यात छान मरते, माणसांची बडबड कमी मरते. प्रवासासाठी कानात घट्ट बसणारे इअरफोन किंवा नॉइज कॅन्सलिंग घ्या. खरा फायदा हा की कमी आवाजात काम भागतं. रस्ता ओलांडताना मात्र काढून ठेवा, ताराराणी चौकात मागून कोण येतंय हे हेडफोन सांगत नाही.

आता गेमिंग. डावीकडून पाऊल वाजलं हे आपल्याला कळतं, कारण आवाज एका कानात मिलिसेकंदापेक्षा कमी फरकानं आधी पोचतो. उलट साध्या ब्लूटूथमध्ये आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. म्हणजे गोळी लागल्यावर ती ऐकू येते! म्हणून गेमसाठी वायरवाला, नाहीतर वेगळ्या डोंगलवर चालणारा. बॉक्सवर 7.1 लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, कान दोनच आहेत. आणि सापळा कुठं आहे ते ऐका. पाऊल बारीक, बंदूक मोठी. पाऊल ऐकायला आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि बंदूक पूर्ण ताकदीनं कानात फुटते. माझी शिट्टी तिथूनच आली. सेटिंगमध्ये मोठे-बारीक आवाज सारखे करायचा पर्याय असतो, तो चालू करा.

हिशोब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालेल. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 90 वर गेलात की आठवड्याला फक्त 4 तास. आतल्या कानातल्या केसपेशी साधारण 15 हजार, आणि गेलेली पेशी परत उगवत नाही. अपडेट नाही, बॅकअप नाही.

तर एकच घ्यायचा असेल? बंद पाठीचा, वायर लावता येईल असा, कानाला न टोचणारा घ्या. ब्रँड नंतर बघा. दुकानात आवाज निम्म्यावर ठेवून ऐका. निम्म्यावर बरा वाटला तरच पैसे द्या.

पप्पांना मी हेडफोन घेतला नाही, कानाचं मशिन घेतलं. पहिल्या दिवशी ते गॅलरीत उभे होते. म्हणाले, "हा कसला आवाज रे?" चिमणी होती. किती वर्षांनी ऐकली, विचारायचं धाडस झालं नाही.

माझी शिट्टी अजून आहे, बारीक. रात्री जास्त ऐकू येते. तुम्ही हा एपिसोड ऐकत असाल तर आता, या क्षणी, दोन पॉइंट आवाज कमी करा. केलात? ऐकू येतंय ना अजून? मग झालं तर. भेटू पुढच्या एपिसोडला.