पार्लेकर म्हणजे कोण?

स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली, की संपादक भगिनी मला दरवर्षी पार्ल्याविषयी चार पाने लिहायला सांगतात. मीही दरवर्षी टिळक विद्यालयापासून आरंभ करते आणि फिरून तेथेच येऊन थांबते. यंदा मात्र तसे करण्याचा धीर होईना. त्याचे कारण असे झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या एक बाई आल्या होत्या. त्यांची ओळख करून देताना मी मोठ्या ऐटीत म्हटले, "आम्ही मूळचे पार्लेकर. आमच्या आजेसासूबाई इथे आल्या तेव्हा स्टेशनापलीकडे रान होते." जवळच आमच्या फुलवाल्या मावशी बसल्या होत्या. त्या गावठाणातल्या. त्या हसून म्हणाल्या, "रान कुठले हो? ती आमची शेते होती!"

सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य मनातून जाईना. एखाद्याचे शेत आपल्याला रान दिसावे, इतका आपला इतिहास आखूड आहे काय? म्हणून यंदा आरंभ जरा अलीकडून न करता पलीकडून करते.

पार्ले हे साष्टी बेटावरचे गाव. इर्ले आणि पाडले अशा दोन वाड्यांच्या नावांवरून 'विलेपार्ले' हे नाव झाले, असे सामान्यतः सांगतात. इर्ला हे नाव पश्चिमेकडे आजही नांदते आहे. भात पिकवणारे, भाजीपाला करणारे, ताडामाडांची निगा राखणारे आणि जुहूच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे असे येथले मूळचे लोक. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि या लोकांपैकी पुष्कळजण ख्रिस्ती झाले. पुढे १७३७ पासून मराठ्यांनी साष्टी सोडविली, १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. राज्ये अशी बदलत राहिली, पण शेते कसणारे हात तेच राहिले. या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतले. नाव इंग्रजी असले तरी त्यांच्या घरची बोली मराठीच. 'पार्ले मराठी माणसांनी वसविले' असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा ही मराठी माणसे आपल्या मोजणीत नसतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता मुंबईची माणसे इकडे कशी आली ते पाहू. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती व लोक तरीतून ये-जा करीत. तेथे रस्ता बांधावा असे पुष्कळांना वाटे. पण सरकार पैसा खर्चायला तयार नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घेऊ नये, अशी त्यांची अट होती. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. पश्चिमेकडच्या सर्व उपनगरांचा उंबरठा असा एका स्त्रीच्या पैशाने बांधला गेला, ही गोष्ट निदान महिला मंडळाच्या स्मरणिकेत तरी नोंदलेली असावी.

पुढे आगगाडी आली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला दिवसाकाठी एक जाणारी आणि एक येणारी अशी गाडी सुरू झाली. पण नुसत्या गाडीने वस्ती होत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या चाळींतून माणसे जीव घेऊन बाहेर पडली. मोकळी हवा, विहिरीचे पाणी आणि थोडक्या पैशात जागा यांसाठी ती उपनगरांकडे पाहू लागली. १९०६ च्या सुमारास पार्ल्यास स्थानक मिळाले. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला आणि जानेवारी १९२८ मध्ये कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. गिरगावातील कारकून, शिक्षक, वकील आता सकाळी जेवून कचेरीत जाऊन दिवेलागणीला घरी परत येऊ शकत होता. आपल्यापैकी बहुतेकींची घराणी या गाडीने आलेली आहेत.

आलेल्या मंडळींनी प्रथम काय केले? घर बांधून होते न होते तोच शाळा काढली. लोकमान्य १९२० मध्ये निवर्तले आणि १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय उभे राहिले. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. या दोन संस्थांमुळे, निरनिराळ्या गावांहून आलेली, एकमेकांस अनोळखी अशी माणसे एका गावची झाली. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा विद्यार्थी या शाळेने महाराष्ट्राला दिला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याच्या छावणीत जमनालाल बजाजांसारखे पुढारी राहिले, तेव्हा हे लहानसे गाव साऱ्या देशाला ठाऊक झाले.

मात्र त्याच काळात आणखीही माणसे येत होती. १९२९ मध्ये पार्ल्यात गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना निघाला. पुढे तेथे बिस्किटे होऊ लागली आणि गावाचे नाव बिस्किटाच्या पुड्यावरून खेड्यापाड्यांत पोहोचले. दुपारी गाडी पार्ल्याला लागली की तो गोड वास डब्यात शिरे आणि पेंगणारा उतारूही 'पार्ले आले' म्हणून सावध होई. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. वासाची आठवण आपण सगळ्याजणी काढतो. पण तेथे पाळ्या करणारे कामगार कोठून आले, कोणत्या चाळीत राहिले, याची आठवण आपल्या किती लेखांत आहे? माझ्या तरी एकाही लेखात नाही.

पश्चिमेकडे गुजराती मंडळी स्थिरावली. १९३४ मध्ये त्यांचे केळवणी मंडळ निघाले आणि १९६१ मध्ये मिठीबाई महाविद्यालय आले. पूर्वेकडे १९५९ मध्ये पार्ले कॉलेज झाले. रुळांच्या दोन बाजूंना दोन भाषा, पण शिक्षणाची हौस एकच. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली, दक्षिणेकडील मंडळी आली. जुहूला १९२८ मध्ये विमानतळ झाला होता आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले होते. नंतर पूर्वेकडे सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला. त्याच्या विस्तारात आसपासच्या गावांची शेते गेली. फुलवाल्या मावशींचे 'शेत' ते हे. विमानाने आपली मुले परदेशी गेली. त्यांची जमीन मात्र धावपट्टीखाली गेली.

घरांचे रूपही या काळात पालटले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेव्हा भाड्यासाठी चाळ बांधणे मालकाला परवडेनासे झाले. मग सहकारी गृहरचना संस्था आणि मालकीचे ब्लॉक आले. १९५० मध्ये पार्ले मुंबई महानगरपालिकेत सामील झाले. चाळीत दार दिवसभर उघडे असे. ब्लॉकचे दार लोटलेले राहू लागले. आपल्यासारखी मंडळे तेव्हाच फोफावली यात आश्चर्य नाही. गॅलरीतले बोलणे संपले, म्हणून सभागृहातले बोलणे हवे झाले. भिशी, पाककृती, भजन, शिवणवर्ग हे सर्व निमित्त. खरे कारण शेजार.

पुढे बायका नोकरीला बाहेर पडल्या. त्यांची संख्या इतकी वाढली, की ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी सुरू करावी लागली. दुपारच्या बैठका ओस पडू लागल्या. बैठक संध्याकाळी घ्यावी की नाही यावर आपल्याकडे किती वाद झाले, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. नोकरीवाल्या सुनांना 'मंडळाची आवड नाही' असे आपण म्हणत असू. आवड होती, वेळ जुळत नव्हती. वेळ बदलली तेव्हा त्या आल्या, आणि आज मंडळाचा हिशेब त्यांच्यापैकीच एकजण चोख ठेवते आहे.

आता चौथी की पाचवी लाट चालू आहे. बंगले आणि दोन-तीन मजली इमारती पाडून त्यांच्या जागी नव्या उभ्या राहात आहेत. विमानतळाजवळ असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी उंचीला मर्यादा आहे आणि त्यामुळे कित्येक जुन्या इमारतींचे काम अडून राहिले आहे. काही सभासद भाड्याच्या घरात दिवस काढीत आहेत, काही घर विकून मुलांकडे गेल्या. त्यांच्या जागी आलेल्यांची भाषा, जेवणखाण, सण वेगळे आहेत. 'आता पूर्वीचे पार्ले राहिले नाही' हे वाक्य मी या वर्षात किती वेळा ऐकले आणि स्वतः किती वेळा उच्चारले, याची गणती नाही.

पण भगिनींनो, हा सारा वृत्तान्त लिहून काढल्यावर मला असे वाटू लागले आहे, की हेच वाक्य आपल्या आजेसासूबाई गाडीतून ट्रंका घेऊन उतरल्या, तेव्हा गावठाणातल्या कोणीतरी आजीनेही म्हटले असेल. तिची शेते जात होती, विहिरीवर अनोळखी बायका येत होत्या, तिला न समजणाऱ्या रीतीने बोलत होत्या. त्या आजीने आपल्याला जागा दिली. पुष्कळदा तिला विचारलेही गेले नाही. आपण मात्र तिला आपल्या शाळेच्या, संघाच्या, मंडळाच्या इतिहासात जागा दिली नाही. ही चूक कोणी मुद्दाम केली नाही. पण ती आपल्या हातून चालू राहिली आहे, हे आता ठाऊक झाल्यावर तशीच पुढे चालवणे बरे नव्हे.

म्हणून कार्यकारी समितीपुढे दोन लहान सूचना ठेवते. पहिली अशी, की मंडळाने या वर्षी एक वही घालावी. गावठाणातल्या, कारखान्याच्या चाळीतल्या, आपल्या घरी पोळ्या लाटायला येणाऱ्या, आणि नव्या इमारतींत आलेल्या बायकांकडून 'तुम्ही पार्ल्यात कशा आलात' एवढेच विचारून ते त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावे. आपल्या वृद्ध सभासदांची आठवणही त्यातच असावी. वेगळा विभाग नको. दुसरी सूचना, सभासदत्वाच्या अर्जावर 'पार्ल्यात किती वर्षे वास्तव्य' असा जो रकाना आहे तो काढून टाकावा. त्या रकान्यात मोठा आकडा लिहिताना मलाही फार बरे वाटत असे. पण नव्या बाईची लेखणी तेथे येऊन थबकते, हे मी यंदा डोळ्यांनी पाहिले.

फुलवाल्या मावशींना मी वहीविषयी सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "सांगेन की, पण दुपारी या, सकाळी मला धंदा असतो." तेव्हा पहिली बैठक दुपारी, त्यांच्या अंगणात. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले नाव चिटणीस भगिनींकडे द्यावे.