येना येथील प्रकाशविद्येचा प्राध्यापक

जर्मनीतील येना शहरी कार्ल झाइस याने १८४६ साली यंत्रशाळा उघडली आणि लवकरच तेथे सूक्ष्मदर्शक घडू लागले; परंतु कोणते भिंग कोणत्या भिंगाशी जुळेल, हे ठरविण्यास कारागिराची नजर आणि वारंवार केलेली चाचपणी यांखेरीज दुसरे प्रमाण नव्हते. ते गणिताने मिळावे, या हेतूने त्याने १८६६ साली विद्यापीठातील एर्न्स्ट आबे या सव्वीस वर्षांच्या अध्यापकास पाचारण केले. सूतगिरणीत दिवसाचे चौदा-चौदा तास राबणाऱ्या कामगाराचा हा पुत्र. १८७० साली त्यास प्राध्यापकपद लाभले, आणि १८७३ साली त्याने दाखवून दिले की, भिंग कितीही निर्दोष घासले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून कमी अंतरावरील दोन बिंदू त्यातून पृथक् दिसणे शक्य नाही. इतका मूलगामी सिद्धांत कारखान्याच्या रोजच्या अडचणींतून उपजला, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने देऊ केलेली बर्लिनची प्राध्यापकी आबेने नाकारली. सूक्ष्मदर्शकातील आपल्या सुधारणांवर मक्तेदारीचा हक्क सांगणे त्यास अनुचित वाटले. आणि १८८४ साली ओटो शॉट याच्यासह त्याने नव्या जातीच्या काचेची भट्टी उभारली. झाइसच्या निधनानंतर, १८८९ साली, त्याने एक न्यास स्थापन केला आणि पुढे कारखान्यातील आपली मालकी त्याच्या हवाली केली. न्यासाच्या उत्पन्नातून येना विद्यापीठास साहाय्य मिळू लागले, आणि १९०० साली कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू झाला.