एका प्रश्नाला किती विषय?

डेटाबेसमध्ये एक साधा कॉलम होता. नाव ‘विषय’. एका प्रश्नाला एक विषय. फिजिक्स, केमिस्ट्री, भूगोल, जे काय असेल ते. हे टेबल मीच डिझाइन केलं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुण्यातल्या आमच्या कंपनीकडे ब्राझीलमधल्या एका क्लायंटचं काम आलं होतं. तिथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी विद्यापीठ प्रवेश परीक्षेचं सराव अ‍ॅप करायचं होतं. जुन्या प्रश्नपत्रिका अ‍ॅपमध्ये भरायला घेतल्या आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली. एका प्रश्नात नकाशा होता, खाली तक्ता, त्याखाली वर्तमानपत्रातला उतारा. उत्तर काढायला टक्केवारी लागत होती, पण पर्याय होते जंगलतोडीबद्दल. आता हा विषय कुठला? गणित? भूगोल? जीवशास्त्र? की नुसतं नीट वाचणं?

मी तीन दिवस एकेका प्रश्नाला ओढूनताणून एकेका विषयात बसवलं. चौथ्या दिवशी क्लायंटकडून निरोप आला की वर्गीकरण चुकलंय. मग मी टेबल बदललं, प्रश्न आणि विषय यांच्यात अनेकास-अनेक असं नातं घातलं. काम संपलं. पण हे प्रश्न असे का, हा किडा डोक्यातून जाईना. म्हणून रात्री जेवण झालं की भाषांतराचं टूल उघडून मी ते प्रश्न सोडवायला लागलो. सोडवता सोडवता त्यांच्या मागचा इतिहास वाचला. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि मला तो फार ओळखीचा वाटला.

देवडीवरची परीक्षा

ब्राझीलमध्ये प्रवेश परीक्षेला ‘वेस्तिबुलार’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रस्ता आणि घर यांच्यामधली जागा. आपल्याकडे वाड्याला देवडी असते ना, तीच. आत घ्यायचं की नाही, हे जिथं ठरतं ती जागा.

त्या देशात विद्यापीठच मुळात उशिरा आलं. पोर्तुगिजांनी वसाहतीत विद्यापीठ उघडू दिलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनच्या भीतीनं पोर्तुगालचा राजदरबारच ब्राझीलला पळून आला, तेव्हा कुठे साल्वादोर आणि रिओमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. 1827 मध्ये कायद्याचे दोन अभ्यासक्रम आले. आपलं मुंबई विद्यापीठ 1857 चं. रिओचं 1920 चं आणि साओ पाउलोचं 1934 चं. म्हणजे या बाबतीत आपण थोरले.

सुरुवातीला परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागत नव्हती. रिओच्या पेद्रो द्वितीय शाळेतून किंवा तिच्या बरोबरीच्या मानलेल्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांना थेट प्रवेश मिळायचा. अशा शाळांत कोणाची मुलं असत, ते सांगायला नको. पुढे अर्जदार वाढले. 1911 मध्ये प्रवेश परीक्षा सक्तीची झाली आणि 1915 च्या सुधारणेत तिला ‘वेस्तिबुलार’ हे नाव मिळालं. तेव्हा प्रत्येक संस्था आपापली परीक्षा घ्यायची, आपापले विषय, आपापली काठिण्यपातळी.

पास झालेले, पण बाहेरच

या इतिहासातला सगळ्यात चटका लावणारा शब्द आहे ‘एसेदेन्तेस’. म्हणजे जादाचे, उरलेले. 1960 च्या दशकात परीक्षेत किमान गुण मिळवले की तुम्ही पास. पण जागाच कमी. त्यामुळे हजारो मुलं पास होऊनही बाहेर. ही मुलं रस्त्यावर उतरली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : तुम्हीच सांगितलं आम्ही लायक आहोत, आता जागा द्या.

देशात 1964 पासून लष्करी राजवट होती. 1968 मध्ये विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ सुधारणेचा कायदा आला. मग 1971 मध्ये सरकारनं एक हुकूम काढला. यापुढे परीक्षा फक्त क्रम लावेल. पास-नापास हा प्रकारच बंद. जागा शंभर असतील तर पहिले शंभर आत, बाकीच्यांबद्दल परीक्षेला काही म्हणायचंच नाही.

हे वाचून मी लॅपटॉपसमोर एकटाच हसलो. एरर येतेय ना, मग एररची व्याख्याच बदला. लॉग कोरा, डॅशबोर्ड हिरवा. ‘जादाचे’ कागदावरून एका रात्रीत नाहीसे झाले. मुलं होती तिथंच राहिली. फक्त आता ती ‘पास होऊन वंचित’ नव्हती, नुसतीच ‘मागे पडलेली’ होती. हक्काचा प्रश्न होता, त्याचा कमीपणा झाला.

क्रमच लावायचा तर तो झटपट लागावा. म्हणून बहुपर्यायी प्रश्न आले, उत्तरपत्रिका मशीन तपासायला लागलं आणि अनेक संस्थांसाठी मिळून एकच परीक्षा व्हायला लागली. साओ पाउलो विद्यापीठासाठी 1976 मध्ये ‘फुवेस्त’ ही संस्था निघाली, तिची परीक्षा आजही वेगळी असते. सोबतीला खासगी शिकवण्या फोफावल्या. त्यांना ‘कुर्सिन्यो’ म्हणतात, म्हणजे छोटा कोर्स. मोठाले हॉल, छापील नोट्स, सूत्रं पाठ व्हावीत म्हणून गाणी. लातूर किंवा कोटा पाहिलेल्या माणसाला वेगळं वर्णन नको. पाठांतराला त्यांच्याकडे एक झकास शब्द आहे, ‘देकोरेबा’. आपली घोकंपट्टी.

फुल्या मारून मारून मुलं लिहायचीच विसरली, अशी ओरड झाली. तेव्हा 1977 च्या हुकुमानं निबंध सक्तीचा केला. तो निबंध आजतागायत टिकून आहे.

63 प्रश्न, विषय नाही

1985 मध्ये लष्करी राजवट संपली. 1988 ला नवं संविधान आलं, 1996 ला नवा शिक्षण कायदा. आणि ऑगस्ट 1998 मध्ये एक नवी परीक्षा झाली : ‘एनेम’. शिक्षणमंत्री होते पाउलो रेनातो सोझा. परीक्षा ऐच्छिक होती आणि प्रवेशासाठी नव्हतीच. शाळा संपवणाऱ्या मुलाला स्वतःला जोखता यावं, एवढाच उद्देश. सुमारे 1 लाख 57 हजार जणांनी नावं नोंदवली.

माझ्या डेटाबेसची गोची इथं सुरू होते. त्या पेपरात 63 प्रश्न आणि एक निबंध होता, पण विषयवार विभाग नव्हते. परीक्षा बनवणाऱ्यांनी 21 कौशल्यांची यादी केली होती. आलेख वाचणं, दोन मतांची तुलना करणं, रोजच्या वापरातल्या यंत्राचं तत्त्व ओळखणं, अशा धाटणीची. प्रत्येक कौशल्यावर तीन प्रश्न. एकवीस त्रिक त्रेसष्ट. म्हणजे या मंडळींच्या टेबलात ‘विषय’ हा कॉलमच नव्हता.

प्रश्न कसे असतात ते सांगायला मूळ प्रश्न उतरवत नाही, त्याच धाटणीचा मी स्वतः केलेला एक देतो. ब्राझीलच्या ईशान्येला ‘सेर्ताओं’ नावाचा कोरडा पट्टा आहे. तिथं गेल्या वीसेक वर्षांत घराघरांच्या शेजारी छपराचं पाणी साठवणाऱ्या सिमेंटच्या टाक्या बांधल्या गेल्या, एकेक 16 हजार लिटरची. आता धरा, छप्पर 40 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर, त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो. घरात पाच माणसं, कोरडे महिने आठ. टाकी भरेल का? माणशी रोज किती पाणी मिळेल? आणि ते कशाला पुरेल : पिण्या-रांधण्याला, अंघोळीला, की शेतीला?

छपरावर पडतं 20 हजार लिटर. पाचवा हिस्सा गेला की उरतं 16 हजार. टाकी काठोकाठ. 240 दिवस, पाच माणसं, म्हणजे माणशी रोज 13 लिटरच्या आसपास. प्यायला आणि रांधायला पुरे, शेतीचं नाव नको. गणित सातवीचं. पण पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात हे कळल्याशिवाय पहिली पायरीच चढता येत नाही आणि 13 लिटर म्हणजे काय, हे आकडा सांगत नाही.

मी माण तालुक्यातला. शाळेत आम्ही टाक्यांची गणितं ढिगानं केली. एक नळ 4 तासांत टाकी भरतो, दुसरा 6 तासांत रिकामी करतो. असा येडपट नळ कोण सोडतो, हे कुणी विचारायचं नाही. त्याच वेळी बाहेर टँकर यायचा आणि माझी ताई रांगेत उभ्या-उभ्या हिशोब करायची की टँकर एवढा, घरं एवढी, म्हणजे घरटी किती घागरी. तिचा हिशोब कधी चुकला नाही. बारावीला मात्र तिचं फिजिक्स राहिलं आणि गाडी तिथंच थांबली. मी त्याच घरातून इंजिनिअर झालो, कारण प्रश्न पूर्ण न वाचता तो कुठल्या साच्यातला आहे हे ओळखायची कला मला साधली होती. एनेमचे प्रश्न सोडवताना ती कला कामाला येईना. पहिल्या आठवड्यात मी सपाटून मार खाल्ला.

पेपर फुटला, परीक्षा मोठी झाली

एनेम हळूहळू वाढली. 2001 मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना फी माफ झाली. 2005 पासून तिच्या गुणांवर खासगी कॉलेजांतल्या शिष्यवृत्त्या मिळायला लागल्या. आणि 2009 मध्ये सरकारनं ठरवलं की आता हीच देशाची प्रवेश परीक्षा. दोन दिवस, 180 प्रश्न, एक निबंध.

त्याच वर्षी पेपर फुटला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परीक्षा होती. छापखान्यातून पेपर चोरीला गेला आणि चोरांनी तो साओ पाउलोच्या एका वर्तमानपत्राला विकायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्रानं पेपर विकत न घेता सरकारला कळवलं. परीक्षा दोन दिवस आधी रद्द झाली आणि डिसेंबरमध्ये झाली. लाखो मुलांचे दोन महिने टांगणीवर गेले. पेपरफुटीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला ते दोन महिने कसे गेले असतील, हे समजावून सांगायला नको.

2009 च्या बदलात आणखी एक गोष्ट झाली. प्रश्न पुन्हा कप्प्यांत गेले. चार कप्पे, प्रत्येकी 45 प्रश्न : भाषा, मानव्यविद्या, निसर्गविज्ञान आणि गणित. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एकाच कप्प्यात असले तरी सराव करणारी मुलं लगेच ओळखतात, हा केमिस्ट्रीचा, हा फिजिक्सचा. लाखोंचा क्रम लावायचा म्हटलं की कप्पे पाडायचा मोह आवरत नाही. मला तरी कुठे आवरला होता?

गुण द्यायची पद्धतही बदलली. निगेटिव्ह मार्किंग नाही, पण ‘आयटम रिस्पॉन्स थिअरी’ आहे. प्रत्येक प्रश्नाचे तीन गुणधर्म धरतात : तो किती अवघड, जाणत्याला नेणत्यापासून किती वेगळं काढतो आणि तुक्का लागायची शक्यता किती. सोपे प्रश्न चुकले आणि अवघड तेवढे बरोबर आले, तर गणित म्हणतं की हा तुक्का असावा. दोघांचे सारखेच प्रश्न बरोबर असूनही गुण वेगळे येतात ते यामुळे. तुक्का मारण्याला तिथं ‘शुतार’ म्हणतात, म्हणजे लाथ मारणं. फुटबॉलच्या देशात दुसरा शब्द कुठला असणार!

प्रश्नानं काय साधलं?

आता खरं ते सांगतो. बहुविषयी प्रश्नानं घोकंपट्टी संपली नाही. शिकवण्या तशाच राहिल्या, फक्त ‘आलेख कसा वाचावा’ हे घोकून घ्यायला लागल्या. निबंधाचंही तेच. तीस ओळी, एक सामाजिक प्रश्न आणि शेवटी त्यावर उपाय सुचवायचा. विषय फार मोलाचे असतात. 2015 ला स्त्रियांवरची हिंसा, 2021 ला जन्मनोंद नसलेल्या माणसांचं अदृश्य असणं, 2023 ला बायकांच्या सेवाश्रमांचं न दिसणं. पण कुठल्याही विषयाला चिकटतील अशी अवतरणं मुलं पाठ करून जातात. शिवाय लांबलचक उतारे पाच-साडेपाच तास वाचायचे, तर घरात वाचायची सवय असलेल्या मुलाला ते सोपं जाणारच.

दार रुंद झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी कार्यकर्त्यांनी 1990 च्या दशकापासून चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांत फुकट शिकवण्या चालवल्या. 2003 मध्ये रिओच्या राज्य विद्यापीठानं राखीव जागा आणल्या. आणि ऑगस्ट 2012 च्या कायद्यानं केंद्राच्या विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी ठेवल्या. त्यात कमी उत्पन्नाच्या घरांचा वाटा आणि राज्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि आदिवासी मुलांचा वाटा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याला तेव्हा 110 वर्षं झाली होती. 2014 मध्ये एनेमसाठी सुमारे 87 लाख जणांनी नावं नोंदवली.

म्हणून मला वाटतं, प्रश्न बदलून जागा वाढत नाहीत. जागा कायद्यानं आणि पैशानं वाढतात. पण देवडीवर कुठली हुशारी मोजली जाणार, हे प्रश्न ठरवतो. टँकरच्या रांगेतला हिशोब हीही हुशारी आहे, एवढं जरी एखाद्या प्रश्नानं कबूल केलं, तरी रांगेतल्या मुलीला आपण ‘मागे पडलेली’ आहोत असं वाटायचं थांबेल.

परवा गावी गेलो होतो. ताई आता अंगणवाडीत शिकवते. टाकीचा तो प्रश्न मी तिला मोबाईलवर दाखवला. तिनं कागद घेतला नाही. चुलीवरची भाकरी उलटेपर्यंत 16 हजार आणि 13 लिटर दोन्ही सांगून टाकलं. मग म्हणाली, “पण आरं, पयल्या पावसाचं पाणी टाकीत कोण घेतं? पत्र्यावर सालभराची घाण असती. ते सोडून द्यावं लागतं. तुझ्या पर्यायात ते कुठंय?”

नव्हतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, हे सेर्ताओंमध्येही टाकी बांधून देताना शिकवतात. मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. रात्री पुण्याला परतताना एसटीत बसून मी त्या प्रश्नाला आणखी एक ओळ जोडली. विषय : आरोग्य.