विमानतळ अग्निशामक, लष्करी व नागरी

विमानतळावर किंवा त्याच्या लगतच्या परिसरात विमानाला अपघात झाला असता आगीवर ताबा मिळवून विमानातील माणसांची सुटका करणाऱ्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यास विमानतळ अग्निशामक म्हणतात. शहरातील अग्निशामकाचे काम इमारत व मालमत्ता वाचविणे हेही असते. विमानतळावरील अग्निशामकाचे पहिले आणि मुख्य काम माणसे वाचविणे हेच होय. विमान जळून गेले तरी चालेल, परंतु त्यातून बाहेर पडण्याची वाट काही मिनिटे मोकळी राहिली पाहिजे, या एका तत्त्वावर या सेवेची सर्व रचना उभी आहे. लष्करी तळांवर हेच काम हवाई दलाचे, नौदलाचे व भूसेनेचे अग्निशामक करतात. शस्त्रास्त्रे व लढाऊ विमानांची विशेष यंत्रणा यांमुळे त्यांच्या कामात आणखी काही धोक्यांची भर पडते.

आगीचे स्वरूप : विमानाच्या पंखांत व मध्यभागात केरोसीन जातीचे इंधन मोठ्या प्रमाणावर साठविलेले असते. अपघातात टाक्या फुटल्या की ते जमिनीवर पसरते आणि तापलेल्या एंजिनामुळे, विजेच्या ठिणगीमुळे वा घर्षणाने पेट घेते. विमानाचे कवच ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे असून ॲल्युमिनियमाचा वितळबिंदू सु. ६६०° से. आहे. इंधनाच्या ज्वाळांचे तापमान त्याहून बरेच अधिक असल्यामुळे पातळ कवच साधारणपणे एका मिनिटाच्या आसपास भेदले जाते. त्यानंतर धूर, विषारी वायू व उष्णता यांमुळे आतील परिस्थिती झपाट्याने असह्य होते. म्हणून प्रवासी विमानाच्या रचनेला मान्यता देताना निम्म्याच दरवाजांतून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करून दाखवावे लागते.

अग्निशामकाला मिळणारा अवधी किती अल्प असतो, हे मँचेस्टर येथे २२ ऑगस्ट १९८५ रोजी झालेल्या दुर्घटनेवरून दिसून येते. उड्डाणाच्या तयारीत धावपट्टीवर धावत असलेल्या बोइंग ७३७ विमानाचे एंजिन फुटून आग लागली. विमान थांबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत पहिला बंब पोहोचला, तरीही १३७ पैकी ५५ जण मृत्यू पावले. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू भाजल्यामुळे नव्हे, तर धुरामुळे झाला.

इतिहास : विमानवाहतुकीच्या आरंभीच्या दशकांत धावपट्टीजवळ वाळूच्या बादल्या, कुऱ्हाडी व हाताने चालविण्याची शामक साधने एवढीच सामग्री असे. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) परिस्थिती पालटली. इंधन व बाँब यांनी भरलेली अवजड विमाने रात्रंदिवस उडू लागली. हानी सोसून परतणारी विमाने धावपट्टीवर कोसळू लागली. त्यामुळे फेस फवारणारे स्वतंत्र बंब आणि केवळ याच कामासाठी शिकविलेली पथके लष्करी तळांवर उभी राहिली. अशा रीतीने विमानतळ अग्निशमन ही मूलतः लष्करी गरजेतून वाढलेली शाखा आहे. नागरी विमानतळांनी ती नंतर आत्मसात केली. पुण्याजवळील लोहगाव येथील तळ याच काळातील असून तो १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी स्थापन झाला.

या काळातील फेस प्राण्यांची शिंगे, खूर इत्यादींपासून काढलेल्या प्रथिनांचा असे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने इंधनाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरविणारा, फ्ल्युओरीनयुक्त फेस विकसित केला. २९ जुलै १९६७ रोजी ‘फॉरेस्टल’ या अमेरिकन विमानवाहू नौकेवर लागलेल्या आगीत १३४ जण दगावले. तापलेले बाँब फुटू लागल्याने आग विझविण्यास पुढे गेलेले प्रशिक्षित पथकच प्रथम बळी पडले. त्यानंतर ठरावीक पथकापुरते प्रशिक्षण न ठेवता ते सर्व नौसैनिकांना देण्यावर भर देण्यात आला. फ्ल्युओरीनयुक्त फेस जलद काम करतो. परंतु त्यातील काही संयुगे निसर्गात विघटन पावत नाहीत व भूजलात साठतात, असे पुढे आढळून आले. त्यांपैकी एका प्रमुख संयुगसमूहाचा समावेश २००९ मध्ये स्टॉकहोम करारात झाला. तेव्हापासून फ्ल्युओरीनविरहित फेसाकडे वळण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये विमानतळांविषयीचे परिशिष्ट क्र. १४ स्वीकारले. त्याच्या चौकटीत अग्निशमनाची मानके ठरत गेली. त्यांनुसार विमानाची लांबी व धडाची रुंदी यांवरून विमानतळाचे १ ते १० असे वर्ग पाडतात. उदा., २८ ते ३९ मी. लांबीच्या विमानांसाठी सहावा वर्ग लागू होतो. या वर्गाच्या विमानतळावर किमान दोन बंब असावे लागतात. तसेच चांगल्या प्रतीच्या फेसासाठी ७,९०० लि. पाणी, ते मिनिटाला ४,००० लि. या वेगाने फवारण्याची क्षमता आणि २२५ किग्रॅ. शुष्क रासायनिक चूर्ण असावे लागते. या आकड्यांचा भागाकार केल्यास बंबांतील पाणी सु. दोन मिनिटेच पुरते, असे दिसते. यात त्रुटी नाही. हेतूच तसा आहे. पहिल्या मिनिटात आगीवर ताबा व दुसऱ्या मिनिटात तो टिकविणे, एवढ्याच काळात सुटकेचे भवितव्य ठरते. बंबाने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी तीन मिनिटांच्या आत, शक्यतो दोन मिनिटांतच पोहोचावे, हा दंडकही याच हिशोबातून आलेला आहे.

भारतात केंद्र शासनाने अग्निशमनाच्या उच्च प्रशिक्षणासाठी १९५६ मध्ये रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन केले व पुढील वर्षी ते नागपूर येथे हलविले. नागरी विमानतळांची व्यवस्था प्रथम नागरी विमान वाहतूक खात्याकडे होती. १९८६ मध्ये देशांतर्गत विमानतळांसाठी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण निर्माण झाले व १ एप्रिल १९९५ रोजी ते आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात विलीन होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. प्राधिकरणाच्या अग्निशामकांचे प्रशिक्षण मुख्यतः दिल्ली व कोलकाता येथील केंद्रांत होते. मुंबई गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व विमानतळांवरील पथकेही तो पाळतात.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील दुर्घटना, १९९३ : विमानतळाच्या कुंपणाआड आखलेली सेवा कुंपणाबाहेर कितपत पुरी पडते, हा प्रश्न महाराष्ट्रात चिकलठाणा विमानतळावर तीव्रतेने पुढे आला. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद या मार्गे मुंबईस जाणारे ४९१ क्रमांकाचे बोइंग ७३७ विमान दुपारी एकच्या सुमारास येथून निघाले. विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा सार्वजनिक रस्ता होता व त्या वेळी त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक जात होता. विमान जमिनीवरून उशिरा उचलले गेल्यामुळे पुरेशी उंची मिळाली नाही. त्याचे डावे मुख्य चाक व डाव्या एंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे सु. तीन किमी. अंतरावर उच्च दाबाच्या वीजवाहक तारांना धडकून विमान जमिनीवर कोसळले, तुटले व पेटले. ५५ जण मृत्यू पावले. ६३ जण वाचले. वाचलेल्यांत दोन्ही वैमानिक होते.

चौकशीत या अपघाताची दोन कारणे नमूद करण्यात आली : विमान उचलण्यात वैमानिकांकडून झालेला उशीर व त्याची सदोष पद्धती, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडून झालेली कसूर. यांपैकी दुसरे कारण अग्निशमनाच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. आग लागल्यानंतरच्या तीन मिनिटांचा दंडक कितीही काटेकोर पाळला, तरी धावपट्टीच्या टोकावरील रस्ता मोकळा ठेवणे ही त्याआधीची सुरक्षितता होय. दुसरे असे की, तीन मिनिटांचे मानक धावपट्टीपुरते आहे. तीन किलोमीटरवरील शेतात ते लागू होत नाही. तेथे पोहोचण्यासाठी अवजड बंबाला कुंपणातील दरवाजा, गाडीवाट, ओढे व नांगरट पार करावी लागते आणि बरोबर नेलेले पाणी संपल्यावर जवळ पाण्याचा साठा असतोच असे नाही. अशा प्रसंगी नगरपालिकेचे बंब, पोलीस, रुग्णालये व गावकरी यांच्यावरच सुटकेचा मोठा भार पडतो.

यावर उपाय म्हणून विमानतळाच्या आणीबाणी आराखड्यात भोवतालच्या परिसराचा चौकटी आखलेला नकाशा, कुंपणातील धडकेने उघडणारे दरवाजे, पाण्याच्या जागा आणि प्रत्येक यंत्रणेची जबाबदारी यांची नोंद ठेवतात. सर्व यंत्रणांचा संयुक्त सराव दोन वर्षांतून किमान एकदा घ्यावा, असा दंडक आहे. चिकलठाणा येथील धावपट्टीची लांबी नंतर वाढविण्यात आली व नवी प्रवासी इमारतही उभारण्यात आली. तथापि कुंपणाबाहेरील संकट सर्वत्र कायम आहे. मंगळूर येथे २२ मे २०१० रोजी पठारावरील धावपट्टी ओलांडून विमान दरीत कोसळले व १५८ जण मृत्युमुखी पडले. कोळिकोड येथे ७ ऑगस्ट २०२० रोजी अशाच अपघातात २१ जण दगावले. तेथे भर पावसात विमानाचे तुकडे झाले, पण त्याने पेट घेतला नाही. अडकलेल्यांना बाहेर काढणे हेच मुख्य काम ठरले व त्यात स्थानिक रहिवाशांचा मोठा वाटा होता.

लष्करी तळावरील कर्तव्ये : महाराष्ट्र व गोवा येथील काही विमानतळ एकाच वेळी लष्करी व नागरी आहेत. पुण्यातील लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तर गोव्यातील दाभोळीची नौदलाची असून नागरी विमाने त्यांचाच वापर करतात. त्यामुळे अशा ठिकाणी लष्करी अग्निशामकाला शेकडो प्रवाशांचे विमान आणि एक-दोन वैमानिकांचे लढाऊ विमान या दोन्हींची माहिती असावी लागते. २७ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे दाभोळी येथे मुंबईस निघालेले प्रवासी विमान धावपट्टीवरून घसरले व काही प्रवासी जखमी झाले, तो याच प्रकारचा प्रसंग होता.

लढाऊ विमानाच्या अपघातात अग्निशामकाला तीन विशेष धोके संभवतात. वैमानिकाचे आसन स्फोटकांच्या जोरावर बाहेर फेकले जाणारे असते. ते निर्धोक करणारी खीळ योग्य जागी बसविल्याशिवाय वैमानिकाला उचलू लागल्यास दोघांचाही जीव जाऊ शकतो. दुसरे, विमानावरील तोफगोळे, क्षेपणास्त्रे व बाँब ज्वाळांत तापून फुटतात. म्हणून ती थंड ठेवणे व विमानाच्या समोरून वा मागून न जाता बाजूने जाणे आवश्यक असते. तिसरे, इंधन पुष्कळ असते. लोहगाव येथे असलेल्या सुखोई-३० जातीच्या विमानाच्या अंतर्गत टाक्यांत नऊ टनांहून अधिक इंधन मावते. छत उघडणे, एंजिन व विद्युत् पुरवठा बंद करणे, आसन निर्धोक करणे, पट्टे कापून वैमानिकास काढणे हा क्रम प्रत्येक जातीच्या विमानासाठी निराळा असतो व तो डोळे बांधूनही करता यावा, इतका घोटून घेतात.

अपघात विरळा घडतात. दैनंदिन काम मात्र अखंड चालते. उड्डाणे सुरू असेतो बंब धावपट्टीजवळ सज्ज ठेवणे, नियंत्रण मनोऱ्याशी संपर्क राखणे, पहारा-खोलीतील घंटेवर तत्काळ निघणे, इंधन भरताना उपस्थित राहणे, सांडलेले इंधन धुऊन काढणे, दारूगोळा-कोठारे व विमानगृहे यांतील शामक साधने तपासणे ही कामे पाळीपाळीने करावी लागतात. सूचनांचेही प्रकार असतात : किरकोळ बिघाडाचे विमान उतरत असता सज्ज राहणे, मोठा धोका संभवत असता सर्व बंब धावपट्टीलगत उभे करणे आणि प्रत्यक्ष अपघात.

अर्हता : संरक्षण आस्थापनांतील नागरी अग्निशामक (फायरमन) या पदासाठी उमेदवार शालान्त परीक्षा उत्तीर्ण व अग्निशमनाचे प्रशिक्षण घेतलेला असावा लागतो. उंची पादत्राणांविना किमान १६५ सेंमी. (अनुसूचित जमातींना २.५ सेंमी. सवलत), छाती ८१.५ सेंमी. व फुगवून ८५ सेंमी. आणि वजन किमान ५० किग्रॅ. असावे लागते. यांशिवाय तीन कसोट्या असतात : ६३.५ किग्रॅ. वजनाचा माणूस खांद्यावर घेऊन १८३ मी. अंतर ९६ सेकंदांत जाणे, २.७ मी. रुंदीचा चर उडी मारून दोन्ही पायांवर उतरणे आणि ३ मी. उभा दोर हातापायांनी चढणे. यांपैकी पहिली कसोटी केवळ बळाची नाही. बेशुद्ध माणसाला जळत्या विमानापासून सुरक्षित अंतरावर नेण्याचे प्रत्यक्ष कामच तीत मोजले जाते. नागरी विमानतळांवरील भरतीत शारीरिक चाचणीबरोबर वाहनचालकाचा परवानाही आवश्यक मानतात, कारण बंब वेळेवर न पोहोचल्यास पुढील सर्व कौशल्य निष्फळ ठरते.

निवडीनंतरच्या प्रशिक्षणात श्वसनसाधन लावून धुरात वावरणे, विमानाच्या सांगाड्यावर प्रत्यक्ष इंधन पेटवून ते विझविणे, प्रथमोपचार आणि विविध विमानांचे दरवाजे व कापण्याच्या जागा ओळखणे यांचा अंतर्भाव असतो. हे कौशल्य वापराअभावी लोप पावणारे आहे. एखाद्या अग्निशामकाच्या संपूर्ण सेवाकाळात मोठा अपघात एकदाही घडत नाही. त्यामुळे खर्च व मनुष्यबळ कमी करण्याच्या विचारात ही सेवा सहज डोळ्यांवर येते. परंतु तिचे मोल वर्षानुवर्षांच्या शांततेवरून नव्हे, तर दोन-तीन मिनिटांच्या एका प्रसंगावरून ठरते आणि तो प्रसंग कुंपणाच्या आत घडेल, याची शाश्वती नसते. [⟶ अग्निशमन, विमान अपघात, विमानतळ].