पत्रातले काम: कार्यशोधाच्या अभ्यासाची प्रस्तावना

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची मेलपेटी मी तिच्या तरुण सचिवाशेजारी बसून वाचली. एका अनुदान प्रस्तावावर एका कार्यालयाशी चौदा मेलांची देवाणघेवाण झाली होती. सचिवाचा प्रश्न साधा होता, "सर, ह्यात आपलं नेमकं काय राहिलंय?" तोच प्रश्न आम्ही एआय साहाय्यकाला टाकला. काही क्षणांत सहा कामांची नीटस यादी आली. त्यांतली दोन कामे पुढच्याच मेलांत उरकलेली होती. एक काम आमचे नव्हतेच, समोरच्या कार्यालयाचे होते. आणि ज्या कामावाचून प्रस्ताव अडला होता, ते यादीत कुठेच नव्हते. अकराव्या मेलाला जोडलेल्या स्कॅन प्रतीच्या तळाशी एवढेच लिहिले होते की लेखापरीक्षण अहवाल अद्याप अप्राप्त आहे.

व्याकरणाने पाहिले तर हे निव्वळ विधान आहे. त्यात आज्ञा नाही, विनंती नाही, तारीख नाही, काम कोणी करायचे तेही नाही. पण आवक-जावक सांभाळणारा कोणताही जुना कारकून हे वाक्य वाचताच उठून कपाटाकडे जाईल. यंत्राला जे दिसले नाही ते कारकुनाला का दिसते, हा या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न आहे. पत्रव्यवहारातून कामे वेचण्याच्या या विद्येला मी 'कार्यशोध' म्हणतो. भाषेचे विद्यार्थी, संगणकाचे अभ्यासक आणि ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, तिघांनाही इथे सारखीच जागा आहे.

इंग्रजीत या अभ्यासाची वाट मळलेली आहे. जे. एल. ऑस्टिन यांची 1955 ची हार्वर्डमधली व्याख्याने 1962 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि बोलणे हीसुद्धा एक कृती असते, हा विचार रुजला. टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांनी 1986 मध्ये तो संगणकाला जोडला. फ्लोरेस हे चिलीतल्या आयेंदे सरकारात मंत्री होते आणि 1973 च्या लष्करी उठावानंतर त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यांनी मांडलेली साखळी मला फार मोलाची वाटते: कोणी मागणी करतो, दुसरा शब्द देतो, काम झाल्याचे कळवतो, आणि मागणाऱ्याने 'झाले' म्हटल्यावरच साखळी मिटते. कार्नेगी मेलनमधल्या कोहेन, कार्व्हाल्हो आणि मिचेल यांनी 2004 मध्ये मेलमधल्या मागण्या, वचने आणि प्रस्ताव यंत्राकडून ओळखून घेतले. पुढच्याच वर्षी बेनेट आणि कार्बोनेल यांनी दाखवले की अख्ख्या मेलावर शिक्का मारण्यापेक्षा वाक्यावाक्यावर बोट ठेवले तर कामे अधिक नेमकी सापडतात. या क्षेत्रातल्या पुष्कळ संशोधनाला एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकन कंपनीच्या टपालाचा आधार आहे. 2003 मध्ये ते चौकशीच्या निमित्ताने जाहीर झाले. सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांच्या त्या लाखो मेलांतून कामाची भाषा कशी असते, याची कल्पना घडत गेली. त्यात 'अद्याप अप्राप्त आहे' कुठून सापडणार?

आपल्याकडे मात्र हा प्रश्न फार जुना आहे. मजकुरातून कर्तव्य कसे ओळखावे, याचे संपूर्ण शास्त्र पूर्वमीमांसेने उभारले. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी वेगळा काढला आणि स्तुती-निंदा करणारा अर्थवाद वेगळा. मेलामधली प्रास्ताविके, आभार आणि कौतुक बाजूला सारून काम वेगळे काढताना आपण हेच करत असतो. पुढे त्यांनी विधीचेही चार प्रकार केले. काय करायचे हे उत्पत्तिविधी सांगतो, कशाच्या साहाय्याने करायचे ते विनियोगविधी. फळाचा धनी कोण, हे अधिकारविधीतून कळते, आणि कोणत्या क्रमाने, विनाविलंब कसे करायचे ते प्रयोगविधीतून. आजच्या कोणत्याही कामाच्या यादीतले रकाने यांच्याशी ताडून पाहा. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला सात खंडांचा 'मीमांसाकोश' संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असायला हवा, असे मी मनापासून म्हणतो.

पाणिनीचेही तसेच. लिङ् या एका क्रियापदरूपाचे त्याने सहा अर्थ दिले: विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थन. टीकाकार सांगतात की निमंत्रण म्हणजे जे टाळता येत नाही, आणि आमंत्रण म्हणजे जे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असते. साहाय्यकाने काढलेल्या यादीत हा भेद उरत नाही. 'बैठकीस उपस्थित राहावे' आणि 'जमल्यास बैठकीला या' ही वाक्ये तिथे एकाच वजनाने शेजारी बसतात.

आता मराठीकडे येतो, कारण खरी जमीन नांगरायची आहे ती इथे. आपले 'करावे' हे रूप संस्कृत 'तव्य' प्रत्ययातून आले, म्हणजे ते 'कर्तव्य' शब्दाचेच भावंड. 'अहवाल सादर करावा' या वाक्यात कर्ता नसतो. तो पत्राच्या माथ्यावर 'प्रति' या शब्दाखाली असतो, आणि तळाशी 'प्रत माहितीस्तव' म्हणून ज्यांची नावे आहेत त्यांच्यावर ते काम नसते. एकटे वाक्य घेऊन बसलेल्या यंत्राला काम दिसेल, धनी दिसणार नाही. मराठी पत्र माथ्यापासून तळापर्यंत एक आकृती म्हणूनच वाचावे लागते.

'आपण' या सर्वनामावर तर स्वतंत्र प्रबंध व्हावा. 'शनिवारपर्यंत आपण यादी पाठवावी' म्हणजे तुम्ही पाठवायची की आपण सगळ्यांनी मिळून? 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. 'सुगी झाल्यावर', 'पोळ्याच्या आत', 'मार्चअखेर' या मुदती कॅलेंडरच्या कोणत्या चौकटीत बसवायच्या? पीकविम्यात नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागे. तिथे घड्याळ सूचनेच्या मेलापासून नाही, शेतात पाणी शिरल्या क्षणापासून चालू होई. आणि 'बघतो'? मराठी माणसाच्या या एका शब्दात होकार, नकार आणि वेळ मागून घेणे हे सगळेच मावते. त्यातले कोणते, ते नात्यावरून ठरते. मेव्हण्याचे 'बघतो' आणि बँकेच्या साहेबांचे 'बघतो' यांना यंत्राने एकच खूण केली तर ती यादी गावात कोणी वापरणार नाही.

यादी काढून झाल्यावर पुढे काय, याचेही उत्तर आपल्या कचेऱ्यांत आहे. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात सहा गठ्ठा पद्धत चालत आली: हाती असलेली प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारे कागद आणि नष्ट करायचे कागद. आमच्या बीडशेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची फेररचना केली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली. माझ्या मते या सगळ्यात अमोल आहे तो 'प्रतीक्षाधीन' गठ्ठा. आपण आपले केले, आता चेंडू दुसऱ्याकडे आहे, पण प्रकरण मिटलेले नाही, अशी ही स्थिती. आमच्या चौदा मेलांत साहाय्यकाची एक मोठी चूक इथेच झाली. समोरच्याचे काम त्याने आमच्या नावावर घातले, कारण त्याच्याकडे 'करायचे' आणि 'झाले' असे दोनच कप्पे होते.

साहाय्यक निरुपयोगी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुसऱ्या बैठकीत आम्ही स्कॅन प्रतींचा मजकूर आधी काढून घेतला आणि मग विचारणा बदलली: प्रत्येक कामापुढे मूळ वाक्य जसेच्या तसे दे, ते कोणत्या मेलातले ते सांग, काम कोणाचे ते लिही, आणि पुढच्या मेलांत ते पुरे झाले का ते तपास. 'अप्राप्त', 'प्रलंबित', 'त्रुटी' असे शब्द असलेली विधानेही वेगळी काढायला सांगितले. या वेळी तो अहवाल यादीच्या पहिल्याच ओळीत आला. मूळ वाक्य समोर असल्याने सचिवाला पडताळणी करायला दहा मिनिटे पुरली. मात्र यादी पक्की झाली ती त्याने वाचून होकार दिल्यावरच.

दोन पथ्ये नवख्याने आधीच पाळावीत. मेलांत आधार क्रमांक, खाते क्रमांक, सातबारे असतात. ते काढून टाकल्याशिवाय मेल कोणत्याही साहाय्यकापुढे ठेवू नयेत. आणि बाहेरून आलेल्या मेलातला मजकूर म्हणजे साहाय्यकाला दिलेला हुकूम समजला जाऊ नये. 'ही रक्कम ताबडतोब वर्ग करावी' असे कोणीही लिहू शकतो.

मराठीसाठी पाया पडू लागला आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने महाबर्टसारखी मराठीची भाषा-प्रारूपे खुली केली आहेत. पण कामांवर खुणा केलेल्या मराठी पत्रांचा चांगला साठा हवा आहे, आणि तो महानगरात बसून होणार नाही. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, बचत गट यांची पत्रे, नावे झाकून आणि संमती घेऊन, गावोगाव गोळा करावी लागतील.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. एकच जुना पत्रव्यवहार घ्या, त्याच्या दोन छापील प्रती काढा, दोन माणसांना वेगवेगळ्या बसवा आणि कामाच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायला सांगा. आम्ही हे एका निवृत्त कारकुनाबरोबर आणि एका शिक्षिकेबरोबर केले. 'करावे' असलेल्या वाक्यांवर दोघांचे एकमत झाले. 'सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे' या वाक्याखाली मात्र कारकुनांनी दोनदा रेघ मारली होती आणि बाईंनी एकदाही नाही. त्या वाक्यावर आमची संध्याकाळ गेली, आणि पुढच्या आठवड्यात दोघेही आपापली जुनी पत्रे पिशवीत घालून पुन्हा आले.

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड