गदका, बोथाटी, बनाटी : सरावाचे लाकूड आणि मिरवणुकीचे लाकूड

गेल्या वर्षी शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गावात एक गदका मोडला. खेळणारी दोन्ही मुले बारा-तेरा वर्षांची होती. मुठीपासून चार बोटांवर तो कटकन तुटला आणि सुटलेला तुकडा समोरच्या मुलीच्या भुवईवर बसला. सात टाके पडले. डोळा वाचला, तो केवळ अर्ध्या बोटाच्या अंतराने. ते गदके मंडळाने विकत आणले तेव्हा पसंतीसाठी मला बोलावले होते. तीस वर्षे लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिलेला माणूस, त्याला लाकूड कळते अशी गावाची समजूत. मी गदका हातात घेतला, सागवान ओळखले, पॉलिश पाहिले, मुठीवरच्या पितळी खिळ्यांची नक्षी पाहिली आणि म्हणालो, "माल चांगला आहे."

माल चांगलाच होता. दाराच्या चौकटीला लावला असता तर पन्नास वर्षे हलला नसता.

त्या दिवसापासून मी जे वाचत, विचारत आणि हाताळत आलो आहे, त्याचा हा वृत्तांत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुने कोश, गावोगावच्या तालमींचे माळे आणि म्हाताऱ्या खेळाडूंच्या आठवणी एवढीच माझी साधने. पण त्यांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली आणि ती प्रथम भाषेतच दिसली.

आज बाजारात मिळते ती 'लाकडी तलवार', 'लाकडी पट्टा', 'लाकडी भाला'. नावातच नक्कल आहे. मूळ हत्यार लोखंडाचे, हे त्याचे लाकडी रूप. जुन्या मराठीत मात्र सरावाच्या साधनांना स्वतःची नावे होती. तलवारीच्या सरावाचा तो गदका. त्याच्याबरोबर डाव्या हातात धरायची लहान कातडी ढाल, ती फरी. घोडेस्वाराच्या भाल्याच्या सरावाची ती बोथाटी. या शब्दात 'बोथट' सरळ ऐकू येते. टोकाला पात्याऐवजी गोळा बसवलेली लांब काठी म्हणजे बोथाटी. तो गोळा रंगात बुडवून खेळत, म्हणजे कोणाला किती वार बसले ते अंगावरच्या डागांवरून मोजता येई. हरलेल्याला "मला लागलेच नाही" म्हणण्याची सोय नसे. आणि जे केवळ पाहणाऱ्यांसाठी होते त्यालाही वेगळे नाव होते. दोन्ही टोकांना गोळे किंवा पेटते बोळे बांधून गरगर फिरवायची ती बनाटी. बनाटीने कोणी कोणाशी लढायला शिकत नसे आणि गदका घेऊन कोणी डोळे दिपवायला जात नसे.

म्हणजे सराव आणि शोभा यांत उच्च-नीच होते असे नाही. दोघांची हत्यारे वेगळी होती, इतकेच. तो वेगळेपणा आपण कधी विसरलो, हा माझा प्रश्न आहे.

आधी गदका कसा असे ते सांगतो. आमच्या तालमीच्या माळ्यावर एक सापडला. दिसायला अगदी दळभद्री. सुमारे तीन फूट लांबीचा वेत, त्यावर शिवलेले कातडे, घामाने काळे पडलेले, मुठीपाशी हाताचे रक्षण करणारी कातडी वाटी. तो घेऊन मी अण्णांकडे गेलो. अण्णा आज ऐंशीच्या घरातले, तालमीतल्या जुन्या पिढीतले शेवटचे गदकेवाले. बाजारातला सागवानी गदकाही बरोबर नेला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि विचारले, "ह्यो कशाला आणला? पूजेला?"

मी म्हणालो, "अण्णा, लाकूड तर उत्तम आहे. तुम्ही बघा तरी."

"लाकूड बघू नगंस. मोडताना कसं मोडतंय ते बघ. वेत मोडत न्हाई लेका, इस्कटतोय."

वखारीत तीस वर्षे काढूनही मला जे सुचले नव्हते ते या एका वाक्यात होते. आम्ही लाकूड पाहतो ते त्याने किती टिकावे, वाळवी लागू नये, पावसात फुगू नये, रंधा मारल्यावर रेषा सुंदर दिसावी म्हणून. या सगळ्या परीक्षांत सागवान पहिला येतो. पण कुऱ्हाडीचा दांडा सागवानाचा कोणी करत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. सागवान स्थिर आहे, पण झटका सोसत नाही. तुटतो तेव्हा आखूड तुटतो, पूर्वसूचना न देता. कुऱ्हाडीला धावडा, औताला बाभूळ किंवा तिवस, आणि जिथे वाकून पुन्हा सरळ व्हायला हवे तिथे धामण. धनुष्यासाठीही धामण वापरत. या लाकडांचे तंतू लांब आणि एकमेकांत गुंतलेले असतात. ती आधी करकरतात, मग सालपटे सोडतात, मग कुठे तुटतात. वेत तर त्याही पुढचा. तो आतून भरीव असतो आणि मार खाऊन खाऊन त्याचे टोक केरसुणीसारखे होते. वरचे कातडे शोभेचे नाही. आत सुटलेले तंतू बाहेर येऊन कोणाच्या अंगात शिरू नयेत म्हणून ते आहे. कातडे एका जागी मऊ पडले की आतला वेत गेला, हे चाचपून कळते.

आता त्या पितळी खिळ्यांकडे परत या. गदक्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो मुठीच्या जरा पुढे, नेमके तिथेच नक्षीसाठी आठ भोके पाडली होती. वरून पॉलिशचे तीन हात. चीर आधीपासून असेल तरी दिसणार कशी? तेल पाजलेल्या काठीवर चीर काळ्या रेघेसारखी उमटते, पॉलिशखाली ती झाकली जाते. शिवाय घाम आला की पॉलिश हातात निसटते, तेल मुरलेली काठी निसटत नाही. तुटलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. त्याची रेषा पाहिली तर तिरकी आहे, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेली. लाकूड करवतीने कापले की असे होते, कारण करवत तिच्या वाटेने जाते. जुने सुतार दांड्याचे लाकूड कुऱ्हाडीने फोडून घेत. फुटताना लाकूड स्वतःच्या रेषेने फुटते आणि मिळालेल्या तुकड्यात रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. अशा दांड्याला जरा बाक असतो, तो दुकानात शोभत नाही.

हे ज्ञान काही आपलेच नाही. रोमन सैन्याविषयी लिहिणारा वेगेशियस सांगतो की जुन्या काळी नव्या सैनिकांना वेताने विणलेल्या ढाली आणि लाकडी दंडुके देत, तेही खऱ्या हत्याराच्या दुप्पट वजनाचे, आणि रोवलेल्या खांबावर सकाळ-दुपार सराव करून घेत. दुप्पट वजनाची तलवार कोणत्याही मिरवणुकीत बरी दिसली नसती. तिचे काम खांद्याला शिकवणे होते. आपल्याकडे वजनाचे काम मुद्गलाने केले आणि डावपेचाचे गदक्याने, म्हणून गदका हलका ठेवणे परवडले. इराणच्या जोरखान्यात आजही मुद्गलासारखे मील फिरवतात आणि साखळी लावलेले लोखंडी धनुष्य डोक्यावर तोलतात.

ते धनुष्य आपल्या ओळखीचे आहे. मोल्सवर्थच्या कोशात लेजीम म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी असलेले धनुष्य, व्यायामाचे. साखळी ताणून हात आणि छाती कमावायची. पुढे तिची साखळी हलकी झाली, चकत्या वाढल्या, ताणण्यापेक्षा वाजणे महत्त्वाचे झाले आणि ढोलाच्या तालावर शेकडो मुले एकत्र खेळू लागली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात ती दिसली. लेझीम शोभेची झाली म्हणून नाके मुरडणारे मला भेटतात. मी त्यांच्यातला नाही. लेझमीने आपले काम बदलले तसे आपले शरीरही बदलले. कोणी तिला अजून धनुष्य समजून बाण लावत नाही.

गदक्याचे तसे झाले नाही. त्याची अडचण १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून मला स्पष्ट दिसते. १८५७ नंतर हत्यारे काढून घेणे सुरूच होते. या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे सामान्य माणसाला अशक्य केले. गदका ज्या तलवारीची तयारी होती ती तलवार भिंतीवरून उतरली, गदका मात्र हातात राहिला. शिडी राहिली आणि माडी गेली. मग त्याचे दोन उपयोग उरले. एक आखाड्यातला खेळ, गुण मोजून खेळायचा. दुसरा रस्त्यावरचा. १८९३-९४ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव आणि पाठोपाठ शिवजयंतीचे उत्सव सुरू झाले, मेळे निघू लागले, मावळ्यांच्या वेशातली मुले हातात काठ्या घेऊन चालू लागली. परक्या राज्यात, हत्याराची बंदी असताना, शेकडो काठ्या एका लयीत उचलल्या जाणे याला एक अर्थ होता, आणि तो सरकारला कळत होता. त्या दिखाव्याला मी पोकळ म्हणणार नाही. पण तेव्हापासून एकच काठी सकाळी सरावाला आणि संध्याकाळी मिरवणुकीला जाऊ लागली, आणि ती काठी सगळ्यांची सारखी, रंगवलेली, सरळ दिसायला हवी झाली.

तरीही तालमी चालू होत्या तोवर जुनी निवड टिकली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला, आणि त्याच १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवून आला. एकाच वर्षात एकीकडे विद्या लिहून ठेवण्याची घाई आणि दुसरीकडे ती जगाला दाखवण्याची. दोन्ही करणाऱ्यांचे हात आखाड्यात तयार झालेले होते. आमच्या गावात ती साखळी तुटली ती वस्ताद गेल्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला, मुले उत्साहाने आली, शिकवायला चित्रफिती होत्या आणि हत्यारे द्यायला दुकान होते. मधला माणूस नव्हता. तो असता तर त्याने मला विचारले नसते आणि मीही "माल चांगला आहे" म्हणालो नसतो.

वस्ताद काय करत ते अण्णांनी सांगितले. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेआधी सगळे गदके आणि लाठ्या अंगणात काढायच्या. प्रत्येक लाठी हातभर उंचीवरून फरशीवर उभी सोडायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर बाजूला. गदक्याचे कातडे बोटाने दाबत जायचे. नापास झालेल्याचे कातडे उसवून घ्यायचे आणि आतला वेत तालमीच्या बंबात. कितीही आवडता असो. "माझा एक गदका असाच घातला बंबात," अण्णा म्हणाले, "चार दिस बोललो न्हाई मी वस्तादांशी." पूजेला तलवार मांडत. ती वर्षभर कापडात असे आणि तिला हळदकुंकवापलीकडे काही काम नसे.

अण्णांची ही परीक्षा मी मंडळाच्या उरलेल्या अकरा गदक्यांवर केली. खरे तर गरज नव्हती, पण मला पाहायचे होते. पॉलिश खरवडल्यावर चौघांच्या मुठीपाशी खिळ्यांच्या भोकांतून निघालेल्या चिरा दिसल्या. सगळे अकरा मी मंडळाला पुन्हा रंगवून दिले आणि भिंतीवर लावायला सांगितले. तिथे ते छान दिसतात. त्या मुलीच्या घरी जाऊन, पसंती माझी होती, हेही सांगून आलो. तिचे वडील काही बोलले नाहीत. आजीने चहा दिला. मुलगी म्हणाली, "काका, परत कधी सुरू होणार?"

वेत आणून त्यांना कातडे शिवून घेण्याचे काम श्रावणात झाले. शिवणाऱ्याने असे काम आयुष्यात प्रथमच केले, पहिले दोन गदके उसवून पुन्हा शिवावे लागले. मूठ मुलांच्या हाताच्या मापाची करायची हे आमच्या उशिरा लक्षात आले. लाठ्यांचे अजून व्हायचे आहे. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, लाठीला त्यासारखा नाही. ज्यांच्या बेटातून घ्यायचा ते म्हणतात, तीन वर्षांच्या आतला देणार नाही आणि पावसाळ्याचा ओलावा जाईपर्यंत कोयता लावणार नाही, नाहीतर भुंगा लागून आतून पिठूळ होतो. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात या, असा निरोप आहे. तोडल्यावर सावलीत वाळवायचा, पेरे घासायचे, तेल पाजायचे. अण्णांनी जवसाचे तेल आणून ठेवायला सांगितले आहे. मुलीच्या आईने विचारले म्हणून तिच्या उंचीचे माप घेतले, पायापासून कानापर्यंत. चार फूट सात इंच भरले. पुढच्या वर्षी ती वाढेल, म्हणून तिची लाठी दोन इंच जास्त ठेवायची ठरली आहे.