कष्टकऱ्यांना लवकर पेन्शन : काम किती जड, हे ठरवायचं कसं?

युरोपात निवृत्तीचं वय वाढतंय. डेन्मार्कमध्ये सरकारी पेन्शन सध्या ६७व्या वर्षी मिळते. २०४० मध्ये हे वय ७० होणार आहे. तसा कायदा तिथल्या संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला.

ऑफिसात बसून काम करणारा माणूस सत्तरीपर्यंत कदाचित नोकरी करू शकेल. पण सोळाव्या वर्षापासून सिमेंटची पोती उचलणाऱ्याची कंबर आणि गुडघे तोवर साथ देतील का? म्हणूनच काही देशांनी अशा कामगारांसाठी लवकर पेन्शनची सोय केली आहे. पण कुणाचं काम जड, हे कसं ठरवायचं? तीन देशांची तीन उत्तरं आहेत.

ऑस्ट्रिया : कॅलरी मोजा

आठ तासांच्या कामात पुरुषाच्या किमान २,००० आणि स्त्रीच्या किमान १,४०० किलोकॅलरी खर्च होत असतील, तर ते जड शारीरिक काम. अशा कामगाराला ६०व्या वर्षी पेन्शन घेता येते. अटी दोन : पेन्शन विम्याची ४५ वर्षं पूर्ण हवीत आणि शेवटच्या २० वर्षांपैकी किमान १० वर्षं जड कामाची हवीत. मुलांसाठी मध्ये नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रियांना ४५ वर्षांची अट पूर्ण करणं अवघड जातं.

फ्रान्स : पॉइंट जमवा

२०१५ पासून इथे कामगाराच्या खात्यात पॉइंट जमा होऊ लागले. रात्रपाळी, प्रचंड आवाज, अति उष्ण किंवा अति थंड जागा असे १० निकष होते. या पॉइंटच्या बदल्यात जास्तीत जास्त दोन वर्षं आधी निवृत्त होता येतं. पण नोंदी ठेवणं किचकट आहे, अशी तक्रार मालकांनी केली. २०१७ मध्ये चार निकष वगळले गेले : जड ओझी उचलणं, अवघडलेल्या स्थितीत काम, यंत्रांचे हादरे आणि घातक रसायनं. म्हणजे ओझी वाहणाऱ्याला ओझ्याचे पॉइंट मिळेनासे झाले. त्याला लवकर निवृत्ती हवी असेल, तर कामामुळे आजार जडला आणि कायमचं अपंगत्व आलं, हे आधी ठरावं लागतं.

डेन्मार्क : वर्षं मोजा

डेन्मार्कने कामाचा प्रकार पाहायचाच नाही, असं ठरवलं. २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत वयाच्या ६१व्या वर्षापर्यंत ४२ वर्षं काम झालं असेल तर एक वर्ष, ४३ असेल तर दोन आणि ४४ किंवा जास्त असेल तर तीन वर्षं आधी पेन्शन मिळते. मोजणी १६व्या वर्षापासून होते. बाळंतपणाची रजा आणि बेरोजगार भत्त्याचा काळही धरला जातो. डॉक्टरी तपासणी लागत नाही.

लवकर कामाला लागलेले बहुतेक जण अंगमेहनतीची कामं करतात, हा यामागचा हिशेब. पण सोळाव्या वर्षी दुकानाच्या काउंटरवर लागलेल्यालाही हा लाभ मिळतो आणि पंचविशीत बांधकामावर आलेल्याला मिळत नाही.

भारतात काय?

कर्मचारी पेन्शन योजनेत (ईपीएस) ५८व्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर ती लवकर घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात होते. कारकुनाला आणि फाउंड्रीतल्या कामगाराला ही कपात सारखीच.